दोनदा निल, तिसऱ्यांदा जिआर्डिया: हा जीव आतड्यात शिरतो कसा?

प्रश्न ठाण्यातून, घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून आला आहे. चार वर्षांच्या मुलाचं पोट तीन आठवडे बिघडलंय. शी पिवळट, तेलकट, पाण्यावर तरंगणारी आणि वासाने नकोसं करणारी. पोट गुबारलेलं, जेवणावरची वासना उडालेली, वजन पाऊण किलोने उतरलेलं. शीचे दोन रिपोर्ट ‘ओव्हा (जंतांची अंडी), सिस्ट दिसले नाहीत’ असे, म्हणजे निल आले आणि तिसऱ्यात ‘जिआर्डिया सिस्ट’ निघाले. आई विचारते: घरी प्युरिफायर आहे, बालवाडीत जंताची गोळीही दिली होती, मग हे आलं कुठून? पहिल्या दोन वेळा दिसलं का नाही? आणि असे जीव माणसाच्या आतड्यात घर कसं करतात, हे प्रयोगशाळेत कसं शोधतात?

ताई, आधी तुमच्या जिवाला लागलेल्या घोराबद्दल. जिआर्डिया हा आतड्यात राहणारा, एकाच पेशीचा परजीवी आहे. त्याची लागण औषधाने बरी होते आणि बहुतेक मुलांचं वजन पुढच्या महिना-दोन महिन्यांत भरून येतं. औषध कोणतं आणि किती, ते तुमचे बालरोगतज्ज्ञ वजन बघून ठरवतील. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी सविस्तर देते, कारण ती एकमेकांत गुंतलेली आहेत. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.डी. केलं, नंतर दोन वर्षं एका संशोधन प्रयोगशाळेत जिआर्डिया वाढवायचं काम केलं आणि गेली सव्वीस वर्षं नौपाड्यातल्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपपाशी बसते. हा जीव मी काचेच्या नळीत जिवंत पाहिला आहे आणि तुमच्यासारख्या शेकडो आयांच्या डब्यांतही पाहिला आहे.

जिआर्डियाची दोन रूपं असतात. एक सिस्ट, म्हणजे जाड कवचात मिटून बसलेलं, बाहेरच्या जगात टिकणारं रूप. दुसरं ट्रोफोझॉइट, म्हणजे आतड्यात पोहणारं, चिकटणारं, खाणारं रूप. सिस्टची लांबी ८ ते १२ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मोहरीच्या एका दाण्याच्या रुंदीत असे शे-दीडशे सिस्ट ओळीने बसतील. थंड पाण्यात ते आठवडेच्या आठवडे जिवंत राहतात, पण तिथे खात नाहीत, हलत नाहीत, वाढत नाहीत. वाट बघत असतात.

किती सिस्ट गिळले की लागण होते? रेंडटॉर्फ या अमेरिकन संशोधकाने १९५४ मध्ये याचं उत्तर दिलं. त्याने तुरुंगातल्या स्वयंसेवकांना मोजलेले सिस्ट कॅप्सूलमधून दिले, तेव्हा अवघे दहा सिस्ट घेतलेल्यांनाही लागण झाली. कैद्यांवर असा प्रयोग आज कुठलीही नैतिकता समिती मान्य करणार नाही आणि ते योग्यच आहे. पण तो आकडा आजही आमच्या कामाला आधार देतो. आजारी मुलाच्या एका दिवसाच्या शीतून कोट्यवधी सिस्ट बाहेर पडू शकतात आणि दुसऱ्या मुलाला फक्त दहा पुरतात. हा हिशेब डोक्यात ठेवलात तर पुढचं सगळं आपोआप कळेल.

आता आत शिरण्याची गोष्ट. जठरातलं आम्ल जंतू मारतं, असं आपण शाळेत शिकलो. बऱ्याच जिवाणूंच्या बाबतीत ते खरं आहे. जिआर्डियाच्या सिस्टला मात्र हेच आम्ल जागं करतं. १९७९ मध्ये बिंगहॅम आणि मायर यांनी हे नळीत करून दाखवलं. सिस्ट नुसतेच पोषक द्रवात ठेवले तर फारसं काही होईना. आधी ते शरीराच्या तापमानाला, जठराइतक्या तीव्र आम्लात ठेवले आणि मग कमी आम्लाच्या द्रवात आणले, की सिस्ट उघडू लागले. म्हणजे जठर आणि त्यापुढचं लहान आतडं यांची नक्कल त्याच क्रमाने करावी लागते. कवच एका टोकाला फाटतं, आधी शेपट्यांसारखे केस वळवळत बाहेर येतात, पाठोपाठ सगळा जीव बाहेर पडतो आणि थोड्याच वेळात विभागून त्याचे नवे ट्रोफोझॉइट होतात. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा बराच वेळ आयपीसवरून डोळा काढला नव्हता. आपल्या शरीराने स्वतःच्या बचावासाठी जी व्यवस्था केली आहे, तीच या जिवाने खूण म्हणून वाचायला शिकली आहे. आतड्यात राहणारा जवळजवळ प्रत्येक परजीवी हेच करतो: आपल्या शरीराच्या खुणा वाचतो आणि योग्य जागी पोहोचल्याशिवाय उघडत नाही. संशोधन म्हणजे या खुणा एकेक करून ओळखणं.

ट्रोफोझॉइटला दोन केंद्रकं आणि आठ शेपट्या. रंग दिलेल्या स्लाइडवर ते दोन डोळ्यांच्या चेहऱ्यासारखं दिसतं. ताज्या, पातळ शीत ते झाडावरून गळणाऱ्या पानासारखं गिरक्या घेत जातं. त्याच्या पोटाच्या बाजूला एक गोल चकती असते. ती सूक्ष्मनलिकांच्या, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनांच्या बारीक नळ्यांच्या, वळशांनी घट्ट विणलेली असते आणि तिने ते आतड्याच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटतं. नळीत वाढवतानाही ते काचेच्या भिंतीला असंच चिकटून राहतं. त्यासाठी लागणाऱ्या द्रवात पचवलेली प्रथिनं, यीस्टचा अर्क, लोह, सिस्टीन नावाचं अमिनो आम्ल, गाय-बैलाच्या रक्तातलं सीरम आणि पित्त असतं. त्यात पित्त घालण्याची कीस्टर यांची पद्धत १९८३ ची. त्यानंतर हे काम जगभर सोपं झालं. स्क्रूच्या झाकणाची नळी जवळजवळ काठोकाठ भरायची, म्हणजे प्राणवायू कमी राहतो, आणि ३७ अंशांवर ठेवायची. दोन-तीन दिवसांत काचेवर धुरकट थर दिसतो. ते जीव काढून घ्यायचे तर ओरबाडायचे नाहीत. नळी दहा-पंधरा मिनिटं बर्फात ठेवायची. थंडीने चकतीची पकड सुटते आणि ते तळाशी उतरतात.

जिआर्डिया आतड्याच्या भिंतीत घुसत नाही, वरच चिकटतो. मग मुलगा एवढा कशाने खंगतो? चिकटलेल्या जिआर्डियामुळे आतड्यावरच्या मखमलीसारख्या बारीक केसांचं नुकसान होतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिथे चकतीचे गोल ठसे उमटलेले दिसतात. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम याच केसांवर असतं, ते कमी पडतं. चरबी नीट शोषली जात नाही, म्हणून शी तेलकट होते आणि तरंगते. न पचलेली साखर पुढे मोठ्या आतड्यात आंबते, त्याने गुबारा धरतो. औषधाने जिआर्डिया गेल्यावरही काही आठवडे दूध पचत नाही ते यामुळेच. अशा वेळी आया घाबरून ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतात आणि दुसरा कोर्स सुरू होतो. तसं करू नका. डॉक्टरांना विचारून काही दिवस दूध कमी करा. दही-ताक बहुतेक मुलांना चालतं.

आता तुमचे दोन निल रिपोर्ट. आतड्यात खाली सरकत जाताना जिआर्डियाला वातावरण बदलल्याचं कळतं आणि तो पुन्हा कवच बांधतो. कोणत्या खुणेवरून, हे १९८० च्या दशकात सॅन दिएगोमध्ये फ्रान्सिस गिलिन यांच्या गटाने शोधलं: पित्त जास्त आणि द्रव किंचित अल्कलीकडे झुकलेला असला की नळीतच सिस्ट तयार होतात. पुढे असंही दिसलं की कोलेस्टेरॉल मिळेनासं झालं की जिआर्डिया कवच चढवायला लागतो. सिस्ट रोज सारख्या प्रमाणात पडत नाहीत. काही दिवस खच पडतो, काही दिवस एकही दिसत नाही. शिवाय सुरुवातीच्या दिवसांत पोट बिघडतं आणि सिस्ट नंतर पडायला लागतात. तुमचा पहिला नमुना नेमका त्या काळातला असण्याची शक्यता मोठी आहे.

यात आमच्या कामाची मर्यादाही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. सलाइन आणि आयोडीनच्या साध्या स्लाइडवर आम्ही दोनेक मिलिग्रॅम शी घेतो. शंभर ग्रॅम शीतला तो पन्नास हजारावा भाग. एका नमुन्यात साधारण निम्मे ते दोन-तृतीयांश रुग्ण सापडतात. एक दिवसाआड घेतलेल्या तीन नमुन्यांत हा आकडा नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो. नमुना गाळून, फॉर्मेलिन आणि ईथर घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला तर चरबी वर जाते आणि सिस्ट तळाला गोळा होतात. तेलकट शीसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे आणि वेळ वाचवायला ती फार ठिकाणी गाळली जाते, याचं मला वाईट वाटतं. जिआर्डियाची प्रथिनं ओळखणारी अँटिजेन चाचणी आणि त्याचा डीएनए शोधणारी पीसीआर हे त्याहून खात्रीचे मार्ग आहेत. पण ‘निल’ या शब्दाचा अर्थ ‘त्या थेंबात दिसलं नाही’ एवढाच घ्यायचा.

हे मला एका रुग्णाने शिकवलं. मुरबाडकडचे शेतकरी होते, दम्यासाठी बराच काळ स्टेरॉइड घेत होते, पोटदुखी आणि अंगावर खाज. त्यांच्या पहिल्या रिपोर्टवर मी निल लिहून सही केली. पोटदुखी थांबेना म्हणून ते पुन्हा आले तेव्हा ताजी शी अगारच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, बशीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी अगारवर जिवाणूंच्या वसाहतींच्या नागमोडी रेघा उमटल्या होत्या. जंताची अळी सरपटत जाताना मागे जिवाणू पेरत जाते, त्या रेघा. तो स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत होता. बाकीच्या बहुतेक जंतांच्या अंड्यांना बाहेरच्या मातीतून फिरून यावं लागतं. हा त्याच माणसाच्या आत पिढ्यान्‌पिढ्या चालू राहू शकतो आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबली की अळ्या सगळ्या शरीरात पसरून जीव घेऊ शकतात. वेळेत उपचार झाले, ते बरे झाले. पण त्या पहिल्या कागदावर माझी सही होती. तेव्हापासून स्टेरॉइड चालू असलेल्या, मातीत काम करणाऱ्या माणसाचा नमुना मी साध्या स्लाइडवर सोडत नाही.

जंत शिरण्याच्या वाटा कळल्या त्या बऱ्याच वेळा संशोधकांच्या स्वतःच्या शरीरातून. अंकुशकृमी तोंडातून येतो अशी समजूत होती. कैरोमध्ये आर्थर लूस गिनीपिगांवर प्रयोग करत असताना अळ्यांचं पाणी त्यांच्या हातावर सांडलं. हात लाल झाला, खाजला. काही आठवड्यांनी त्यांना स्वतःच्याच शीत अंकुशकृमीची अंडी सापडली. हे त्यांनी १८९८ मध्ये जाहीर केलं तेव्हा फारसं कुणाला पटलं नाही. पुढे कापून टाकायच्या असलेल्या एका पायावर शस्त्रक्रियेच्या तासभर आधी त्यांनी अळ्या सोडल्या आणि नंतर त्याच पायाच्या कातडीत त्या शिरलेल्या दाखवल्या. आपल्याकडे शहापूर-मुरबाडला आवणीच्या दिवसांत अनवाणी बांधावर उभ्या असलेल्या बायकांचं हिमोग्लोबिन पाहिलं की मला लूस यांचा तो हात आठवतो. अळी कातडीतून रक्तात, रक्तातून फुप्फुसात, तिथून घशात आणि गिळली जाऊन आतड्यात, असा तिचा प्रवास. तिथे ती चावा घेऊन रक्त पिते. मोठ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.१५ मिलिलिटरच्या आसपास. शंभर जंत असले तर आठवड्याला शंभर मिलिलिटरहून जास्त रक्त जातं. लोहाच्या गोळ्यांनी एकट्याने ते भरून निघत नाही, हे गावच्या आशाताईंनाही नीट सांगायला हवं.

गोलकृमीचं तसंच. जपानमधल्या कोइनो यांनी १९२२ मध्ये माणसाच्या गोलकृमीची सुमारे २,००० अंडी स्वतः गिळली. न्यूमोनियासारखं आजारपण आलं आणि त्यांच्याच थुंकीत अळ्या सापडल्या. जंत फुप्फुसातून फिरून येतो हे माणसात असं सिद्ध झालं. गोलकृमीची मादी दिवसाला दोनेक लाख अंडी घालते. ती अंडी मातीत दोन-चार आठवडे मुरल्यावरच लागण करण्याजोगी होतात, आणि उघडतात ती आतड्यातला कार्बन डायऑक्साइड आणि ऊब यांच्या खुणेवर. चाबूककृमीचं कोडं तर २०१० मध्ये मँचेस्टरच्या गटाने उलगडलं आणि ते मला सगळ्यांत सुंदर वाटतं. उंदरातल्या चाबूककृमीची अंडी उघडायला आतड्यातल्या जिवाणूंचा स्पर्श लागतो. ई. कोलाय आपल्या बारीक केसांनी अंड्याच्या टोकाच्या बुचाला चिकटतात, तेव्हा अंडं फुटतं. उंदरांना आधी अँटिबायोटिक दिलं तर जंत कमी लागले. खूण इथेही आहेच. ती जिवंत आहे, एवढाच फरक.

तुमच्या प्रश्नात अमीबा नाही, तरी थोडं लिहिते, कारण आपल्याकडे पोट बिघडलं की ‘आव पडली’ म्हणतात आणि अमीबाचं औषध चालू होतं. मायक्रोस्कोपखाली सिस्टला चार केंद्रकं दिसली की ‘एंटामिबा हिस्टोलिटिका’, म्हणजे आव पाडणारा अमीबा, असं लिहायची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. माझ्या सुरुवातीच्या काळात असे किती रिपोर्ट मीही लिहिले. पण अगदी तसाच दिसणारा, सहसा निरुपद्रवी असा एंटामिबा डिस्पार असतो. ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्येच हे सुचवलं होतं. डायमंड आणि क्लार्क यांनी १९९३ मध्ये ते पक्कं केलं. नुसत्या सिस्टवरून दोघांत फरक करता येत नाही. गिळलेल्या लाल पेशी पोटात असलेला हलता अमीबा दिसला तर संशय बळावतो. खात्री अँटिजेन किंवा पीसीआरने होते. खरा हिस्टोलिटिका आपल्या एका प्रथिनाने आतड्याच्या पेशींवरच्या गॅलॅक्टोज साखरेला धरतो. नळीत ती साखर मोकळी सोडली की त्याची पकड पेशींवर बसत नाही, असं राव्हडिन आणि गेरांट यांनी १९८१ मध्ये दाखवलं. पुढे, २०१४ मध्ये, राल्स्टन आणि पेट्री यांच्या कामातून कळलं की तो जिवंत पेशींचे लचके तोडतो, आणि त्यातच पेशी मरते. आधी मारतो आणि मग खातो, असं तोवर आम्ही शिकवत होतो. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतल्या मुलांच्या शीत त्या पकडीच्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं सापडली आणि ज्यांच्यात ती होती त्यांना लागण कमी झाली. लसीची आशा तिथे आहे. आपल्या देशातही या अमीबावर मोठं काम झालं आहे. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सुधा आणि आलोक भट्टाचार्य यांनी त्याच्या रेणूंवर कित्येक वर्षं घालवली.

मग जिआर्डियावर लस का नाही? त्याच्याकडे पृष्ठभागावरच्या प्रथिनाचे दोनेकशे वेगवेगळे अंगरखे आहेत. एका वेळी तो एकच घालतो, आणि शरीर तो ओळखायला लागेपर्यंत बदलून टाकतो. अर्जेंटिनातल्या कोर्दोबामध्ये ह्यूगो लुहान यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की बाकीचे अंगरखे आरएनएच्या पातळीवर दाबून ठेवलेले असतात. ती यंत्रणा बिघडवली तर एकच जिआर्डिया सगळे अंगरखे एकदम दाखवतो. असे जिआर्डिया आधी दिलेल्या जर्बिलांना, म्हणजे उंदरासारख्या छोट्या प्राण्यांना, पुढची लागण बहुतांशी टळली. माणसासाठी मात्र अजून लस नाही. त्यामुळे तुमच्या मुलाला एकदा होऊन गेलं म्हणून परत होणार नाही, असं धरू नका.

जंताच्या गोळीचं काय झालं, तेही सांगते. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून आहे; १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल देतात. ती एक मात्रा जंतांसाठी आहे आणि ती जरूर द्यावी. अल्बेंडाझोल जंताच्या सूक्ष्मनलिका मोडतं. जिआर्डियाची चकतीही सूक्ष्मनलिकांचीच, त्यामुळे हेच औषध सलग पाच दिवस दिलं तर त्याच्यावरही चालतं, पण एका मात्रेवर भरवसा ठेवता येत नाही. डॉक्टर बहुधा टिनिडाझोल, मेट्रोनिडाझोल किंवा निटाझोक्सानाइड देतील. वावडिंग उकळून द्या असं घरातलं कुणी सुचवेल. जिआर्डियासाठी त्यावर थांबू नका.

आता हे आलं कुठून. तुमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतात, असं तुम्ही लिहिलंत. तो पाण्याचा मार्ग शक्य आहे. प्युरिफायरचं पाणी तुम्ही पिता, पण दात घासायला, चूळ भरायला, कोथिंबीर धुवायला टाकीचंच पाणी असतं, आणि चार वर्षांचं मूल अंघोळ करताना किती पाणी गिळतं ते आपल्याला कळत नाही. येऊरच्या ओहोळात डुंबलेली मुलं पावसाळ्यात माझ्याकडे येतात. पण तुमच्या पत्रातली एक ओळ मला जास्त बोलकी वाटली: पाळणाघरातल्या आणखी दोन मुलांचं पोट महिनाभर बिघडलेलं आहे. दहा सिस्टचा हिशेब आठवा. लंगोट बदलून नीट न धुतलेला एक हात, एक खेळणं, एवढं पुरतं. पाळणाघरातल्या ताईंशी भांडू नका, त्यांना सोबत घ्या. त्या दोन मुलांची तपासणी झाली पाहिजे आणि सैल शी असलेलं मूल बरं होईपर्यंत घरी राहिलं पाहिजे. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. साबण सिस्ट मारत नाही, तो ते हातावरून घालवतो. अल्कोहोलच्या सॅनिटायझरवर विसंबू नका.

पाणी एक मिनिट खळखळून उकळलं की सिस्ट मरतात, हे सगळ्यांत खात्रीचं. चांगलं आरओ किंवा यूएफ गाळण त्यांना अडवतं. क्लोरीनने जिआर्डिया मरतो, पण जिवाणूंपेक्षा बराच जास्त वेळ आणि मात्रा लागते. त्याचा भाऊबंद म्हणावा असा क्रिप्टोस्पोरिडियम मात्र नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळातून घराघरांत गेला आणि सुमारे चार लाख लोक आजारी पडले. त्याचे सिस्ट ४ ते ६ मायक्रॉनचे, साध्या स्लाइडवर सुटून जातात. खास रंग दिला तरच गुलाबी-लाल उठून दिसतात. तान्ह्या बाळांच्या गंभीर जुलाबात त्याचा वाटा मोठा आहे, हे कोलकात्यासह सात ठिकाणी झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून पुढे आलं. त्याला नळीत वाढवणं इतकं अवघड की २०१५ मध्ये सुमिती विनायक, बोरिस श्ट्रीपन आणि सहकाऱ्यांनी त्याची जनुकं बदलली, तेव्हा बदललेले जीव शस्त्रक्रिया करून थेट उंदराच्या आतड्यात सोडावे लागले. तीनच वर्षांनी तो मानवी आतड्याच्या पेशींपासून बशीत वाढवलेल्या चिमुकल्या आतड्यांत पूर्ण जीवनचक्र करताना दिसला. औषधं तपासायला आता अशी चिमुकली आतडी वापरता येतात. माझ्या संशोधनाच्या दिवसांत हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

तुमच्यासाठी शेवटची कामाची गोष्ट. औषध संपल्यावर मुलगा खाऊ लागला, शी बांधून होऊ लागली, तर पुन्हा तपासणी करायची गरज नाही. दोन-तीन आठवड्यांनीही तेलकट शी चालूच राहिली तर एक दिवसाआड तीन नमुने द्या. डबी कोरडी हवी, लघवी मिसळू देऊ नका, वर वेळ लिहा. पातळ शी अर्ध्या तासाच्या आत बघितली तरच हलते जीव दिसतात, आणि कासारवडवलीहून सकाळच्या ट्रॅफिकमध्ये नौपाडा अर्ध्या तासात गाठता येत नाही. म्हणून जवळच्या लॅबमधून फॉर्मेलिन (नमुना टिकवणारं विषारी रसायन) भरलेली बाटली आदल्या दिवशीच मागून ठेवा. शी झाल्याबरोबर चमचाभर त्यात घालून ढवळा, झाकण घट्ट लावा आणि मुलाच्या हाती लागणार नाही अशा उंच जागी ठेवा. फॉर्म भरताना ‘गाळून, सेंट्रिफ्यूज करून बघा आणि जिआर्डिया-क्रिप्टो अँटिजेनही करा’ असं डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. पाळणाघरातल्या त्या दोन मुलांच्या आयांनाही हेच सांगा.